प्रोटेम स्पीकर आणि स्पीकर: बडोद्याच्या दोन धारासभ्यांच्या दोन खुर्च्या

डिसेंबर २०२२ मध्ये मांजलपूरचे धारासभ्य (आमदार) योगेश पटेल गुजरात विधानसभेचे प्रोटेम स्पीकर, म्हणजे नवा अध्यक्ष निवडला जाईपर्यंतचे तात्पुरते अध्यक्ष, झाले, तेव्हा बडोद्यात अनेकांचा समज झाला की शहराला पुन्हा अध्यक्षपद मिळालं. 'पुन्हा' म्हणायला कारण होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये रावपुऱ्याचे राजेंद्र त्रिवेदी खरोखरच अध्यक्ष झाले होते. पण या दोन नेमणुका एका प्रकारच्या नाहीत. योगेशभाईंना मिळाला तो त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचा मान होता. त्रिवेदींना मिळालं ते सभागृहाने निवडून दिलेलं पद होतं. दोन्ही एकाच मापाने मोजली की दोघांवरही अन्याय होतो.

आधी योगेशभाईंची कारकीर्द पाहू, कारण प्रोटेमपदाचा पाया तीच आहे. १९९० साली ते रावपुऱ्यातून जनता दलाच्या तिकिटावर पहिल्यांदा निवडून आले. पुढे भाजपमध्ये आले आणि १९९५, १९९८, २००२, २००७ अशी रावपुऱ्याची जागा त्यांनी सोडली नाही. मतदारसंघांची फेररचना झाल्यावर मांजलपूर हा नवा मतदारसंघ तयार झाला. तिथून २०१२, २०१७ आणि २०२२. एकूण आठ वेळा, मध्ये एकदाही खंड नाही. सूरसागर तळ्यातल्या १११ फुटी शंकराच्या मूर्तीमुळे त्यांचं नाव बडोद्यात घरोघरी गेलं, ते राजकारणापलीकडचं. इतकी वर्षं निवडून येऊनही मंत्रिपद मिळायला मार्च २०१९ उजाडावं लागलं, आणि तेही राज्यमंत्रिपद. सप्टेंबर २०२१ मध्ये मुख्यमंत्री रूपाणींचं सगळं मंत्रिमंडळच गेलं, त्यात तेही गेलं. अधिकारी लोकप्रतिनिधींना जुमानत नाहीत, ही तक्रार त्यांनी २०१८ मध्ये इतर दोन आमदारांबरोबर जाहीरपणे केली होती. स्वतःच्या पक्षाचं सरकार असताना असं बोलायला मतदारसंघ पाठीशी पक्का लागतो.

अशा माणसाला प्रोटेम स्पीकर का करतात, हे समजायला राज्यघटनेतली एक बारीक तरतूद पाहावी लागते. विधानसभा विसर्जित झाली तरी अध्यक्ष लगेच पायउतार होत नाही. कलम १७९ प्रमाणे नव्या सभागृहाची पहिली बैठक सुरू होण्याच्या क्षणापर्यंत तो पदावर राहतो, निवडणूक न लढवताही. डिसेंबर २०२२ मध्ये भुजच्या नीमाबेन आचार्य अशाच अध्यक्ष होत्या. त्या वेळी त्यांना उमेदवारीच नव्हती, तरी पद शेवटच्या घडीपर्यंत त्यांचंच. बैठक सुरू होताच मात्र खुर्ची रिकामी होते आणि उपाध्यक्षही नसतो. नव्याने निवडून आलेल्या १८२ जणांनी शपथ घ्यायची कुणासमोर? आणि शपथ न घेतलेल्यांनी अध्यक्ष निवडायचा कसा? ही अडचण सोडवण्यासाठी राज्यपाल कलम १८० खाली सभागृहातल्याच एका सदस्याला नेमतात. कलम १८८ प्रमाणे बाकीच्यांची शपथ त्याच्यासमोर होते. हाच प्रोटेम स्पीकर, महाराष्ट्रातले लोक ज्याला हंगामी अध्यक्ष म्हणतात. राज्यपाल आचार्य देवव्रत यांनी योगेशभाईंना नेमलं. १९ डिसेंबरला आमदारांच्या शपथा झाल्या आणि २० तारखेला थरादचे शंकर चौधरी अध्यक्ष म्हणून निवडून आले. तिथे प्रोटेमचं काम संपलं.

त्रिवेदींची गोष्ट वेगळी. ते पेशाने वकील. २०१२ मध्ये योगेशभाई मांजलपूरला गेल्यावर रावपुऱ्यातून निवडून आले, २०१७ मध्ये पुन्हा. म्हणजे दुसऱ्याच कार्यकाळात अध्यक्ष. त्यांना राज्यपालांनी नेमलं नाही, सभागृहाने निवडलं, आणि तेही बिनविरोध. कलम १७८ ला निवड हवी असते, ज्येष्ठता नको असते. महाराष्ट्रातलं उदाहरण आणखी ठळक आहे: राहुल नार्वेकर २०२२ मध्ये विधानसभेतल्या पहिल्याच कार्यकाळात अध्यक्ष झाले. अध्यक्षाला काढायचं तर चौदा दिवसांची नोटीस आणि त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. एखादं विधेयक धनविधेयक (फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या बाबींचं) आहे की नाही, हे तोच ठरवतो. पक्षांतर करणाऱ्यांना अपात्र ठरवण्याच्या अर्जांवर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली निकालही तोच देतो, आणि त्या निकालावर सरकारं तरतात किंवा बुडतात. त्रिवेदी सप्टेंबर २०२१ मध्ये मंत्री झाले तेव्हा हे पद सोडूनच झाले, कारण निःपक्ष खुर्चीवरचा माणूस मंत्रिमंडळात बसू शकत नाही.

गोंधळ वाढतो तो एकाच व्यक्तीकडे दोन्ही खुर्च्या येतात तेव्हा. नीमाबेन जानेवारी २०१८ मध्ये प्रोटेम होत्या आणि त्रिवेदींची निवड होईपर्यंत राहिल्या. पुढे २०२१ मध्ये त्या रीतसर निवडून येऊन गुजरातच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पहिली नेमणूक दुसरीची पायरी होती, असा अर्थ त्यातून काढू नये. योगेशभाईंच्या बाबतीत तसं काही झालं नाही, आणि त्यांना डावललं असंही नाही.

मग प्रोटेमपद नुसतंच शोभेचं का? इथे मी बऱ्याच जणांशी असहमत आहे. कलम १८० मध्ये 'अध्यक्षपदाची कर्तव्यं' असाच उल्लेख आहे, अर्धी कर्तव्यं असं कुठे लिहिलेलं नाही. मतं समसमान पडली तर निर्णायक मत अध्यक्षस्थानी बसलेल्याचं असतं, तो प्रोटेम असला तरी. गुजरातमध्ये भाजपच्या १५६ जागा होत्या, म्हणून तिथे हा प्रश्नच आला नाही. कर्नाटकात मे २०१८ मध्ये, कुणालाच स्पष्ट बहुमत नसताना, तो आला. राज्यपाल वजुभाई वाळा यांनी (हे स्वतः गुजरात विधानसभेचे माजी अध्यक्ष) के. जी. बोपय्यांना प्रोटेम नेमलं. आठ वेळा निवडून आलेले आर. व्ही. देशपांडे सभागृहात असताना ही नेमणूक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने नेमणूक रद्द केली नाही, बहुमत चाचणीचं थेट प्रक्षेपण मात्र करायला लावलं. मतदानाआधीच मुख्यमंत्री येडियुरप्पांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात आठ वेळचे आमदार कालिदास कोळंबकर यांच्यासमोर शपथा झाल्या, तेव्हाही राज्याचे डोळे त्या हंगामी खुर्चीवर खिळले होते.

ज्येष्ठ सदस्यालाच प्रोटेम करायचं हा संकेत आहे, नियम नाही. शिवाय राज्यपाल नाव ठरवतात ते बहुतेक सरकारच्या सल्ल्याने. गुजरातमध्येच पाहा: द्वारकेचे पबुभा माणेकही १९९० पासून निवडून येत होते आणि २०२२ ला तेही आठव्यांदा जिंकले. मात्र २०१७ ची त्यांची निवडणूक उच्च न्यायालयाने रद्द ठरवली होती. मग ज्येष्ठता मोजायची कशी: जिंकलेल्या निवडणुकांवर, सभागृहात घालवलेल्या वर्षांवर, की वयावर? योगेशभाईंच्या निवडीवर कुणी बोट ठेवलं नाही, कारण त्यांचा हिशेब तिन्ही बाजूंनी भक्कम होता. पण काठावरच्या बहुमताच्या सभागृहात हाच प्रश्न रात्रीतून न्यायालयात जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक विधानसभेने ज्येष्ठतेचा हा हिशेब आपल्या कामकाजाच्या नियमांत लिहून ठेवावा, बरोबरी झाल्यास काय करायचं तेही, आणि राज्यपालांनी त्याच क्रमाने नाव घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं.