'सेट' नव्हे, 'रन'

गोव्यात शाळेतल्या प्रश्नमंजूषेत 'सर्वांत जास्त अर्थांचा इंग्रजी शब्द कोणता?' असं विचारलं, की मुलं 'सेट' म्हणून मोकळी होतात. हे उत्तर आता जुनं झालंय. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ होते, नोंद साठेक हजार शब्दांची. या समजाला त्याचाच आधार होता.

पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी कोशकार पीटर गिलिव्हर यांनी 'रन'ची नोंद नव्यानं लिहिली. त्याला नऊ महिने लागले आणि एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पटत नसेल तर पणजीतच बघा: म्हापशाची बस धावते, मांडवी वाहते, सर्दीनं नाक गळतं, पहिल्याच धुण्यात कपड्याचा रंग जातो, कोणी हॉटेल चालवतो, कोणी निवडणुकीला उभा राहतो. या सगळ्यांना इंग्रजीत 'रन'च! यंत्रं आली, मग संगणक आले, तसा हा शब्द आणखी फोफावला.

अर्थात एका अर्थाचे दोन करायचे की नाही, हे संपादक ठरवतात, त्यामुळे कोशागणिक आकडा बदलतो. प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांना कळकळीची विनंती: कोशाचं नाव आणि आवृत्ती प्रश्नातच लिहा, आणि 'रन' लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नका.