सा पा (व्हिएतनाम)

सा पा हे व्हिएतनामच्या वायव्येला, चीनच्या सीमेजवळ लाव काय प्रांतात वसलेलं छोटं शहर. उंची १५०० मीटरच्या वर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही जास्त. इंग्रजांनी महाबळेश्वर वसवलं तसंच फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोईच्या उकाड्यातून सुटका म्हणून इथे बंगले बांधले, त्या काळातलं दगडी चर्च अजून चौकात उभं आहे. परदेशी टुरिस्ट यायला लागले ते १९९० च्या दशकात.

धुकं इथे पाहुणं नाही, मुक्कामालाच असतं. दमट हवा होआंग लिएन सॉनच्या रांगेला अडते, वर चढते, गार होते आणि मग हिवाळ्यात कधीकधी चर्चसमोर उभं राहूनही त्याचा मनोरा दिसत नाही. इंडोचायनातलं (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) सर्वात उंच शिखर फान्सिपान (३१४७ मीटर) इथलंच, २०१६ पासून तिथे केबल कार जाते, पण वर ढग असले तर हाती फक्त पांढरं पांढरं लागतं. धुक्यामुळे ट्रिप वाया गेली असं बरेच जण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण सा पाचा जीव भोवतीच्या गावांत आहे आणि ती गावं जवळून बघायची, चालत.

मुआँग होआ खोऱ्यात उतरलं की लाव चाय हे ‘काळे ह्मोंग’ या जमातीच्या लोकांचं गाव लागतं, पुढे ताव्हानमध्ये झाय लोक राहतात, दुसऱ्या बाजूला ता फिनमध्ये लाल दाओ (उच्चार झाओ), ज्यांच्या बायका डोक्याला मोठं लाल फडकं बांधतात आणि ज्यांचं जंगली औषधी पाल्याच्या गरम पाण्याचं स्नान दिवसभर चाललेल्या पायांना खरंच आराम देतं. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, थंडीमुळे वर्षाला एकच पीक, मे-जूनमध्ये लावणी आणि सप्टेंबरमध्ये कापणी. जंगलाच्या सावलीत आपल्या मसाला वेलचीच्या भावकीतली मोठी वेलची लावतात.

ह्मोंग बायकांचं कापडाचं काम मात्र थांबून बघावं असंच आहे. चढ चढताना, पाठीवर टोपली असताना, गप्पा मारतानाही त्यांची बोटं भांगेच्या जातीच्या झाडाच्या (हेम्प) सालीचे धागे जोडत असतात, मग कापड विणून त्यावर मधमाशीच्या मेणाने नक्षी काढायची, निळीच्या पिंपात पुन्हा पुन्हा बुडवायचं, आणि शेवटी गोल ओंडक्यावर कापड ठेवून वर सपाट दगड, त्या दगडावर स्वतः उभं राहून डुलत डुलत ते चकाकेपर्यंत घासायचं! त्यांचे हात निळे दिसतात ते यामुळेच.

याच बायका गाइड म्हणूनही काम करतात, टुरिस्टांशी बोलून बोलून शिकलेलं त्यांचं इंग्लिश ऐकत राहावंसं वाटतं. त्यामुळे शक्य असेल तर गावातच होमस्टे घ्या आणि पैसे थेट त्यांच्या हातात द्या. वस्तू विकणाऱ्या लहान मुलांकडून मात्र काही घेऊ नका, विक्री चांगली झाली की त्यांचं शाळेत जाणं बंद होतं.

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, तिथून बसने पाच-सहा तास, किंवा रात्रीच्या ट्रेनने लाव कायपर्यंत आणि पुढे तासभर घाट. चिखलात चालणारे बूट आणि रेनकोट हवेतच. आणि तिथून आणलेलं निळं कापड घरी वेगळं धुवा, सुरुवातीला रंग बराच जातो.