बोर्गर (टेक्सास)

बोर्गर : अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, उत्तरेकडच्या ‘पॅनहँडल’ पट्ट्यातल्या हचिन्सन काउंटीत वसलेले तेलाचे गाव. लोकसंख्या १२,५५१ (२०२०). १९२६ ते १९२९ या तेजीच्या काळात येथील पोलीस खातेच गुंडांच्या ताब्यात होते. त्या कारभारासाठीच हे गाव आजही ओळखले जाते.

१९२६ च्या जानेवारीत जवळच्या विहिरीतून तेल उसळले. एस बोर्गर या जमीन-व्यावसायिकाने भागीदार जॉन मिलरसह कॅनेडियन नदीजवळचे २४० एकर माळरान घेतले, मार्चमध्ये भूखंड पाडून विकायला काढले आणि सहा महिन्यांत सगळे विकून टाकले. तीन महिन्यांत तेथे सुमारे ४५,००० माणसे जमली, असे सांगतात. जत्रेला जमते तशी ही गर्दी होती. फरक एवढाच, की ही जत्रा उठली नाही.

लोक तंबूंत, फळ्या आणि पत्रे ठोकून उभ्या केलेल्या खोपट्यांत राहत. मोठा रस्ता एकच, मैलोन्‌मैल लांब. पाऊस पडला की चिखल, वारा सुटला की वाळू. त्यात काजळीच्या कारखान्यांची भर पडली. नैसर्गिक वायू अर्धवट जाळून धरलेली ही काजळी टायरच्या रबरात घालतात. चित्रकार टॉमस हार्ट बेंटनने या गावाचे चित्र काढले, त्यातही घरांमागे काळ्या धुराचा लोट उठलेला दिसतो.

ऑक्टोबर १९२६ मध्ये नगरपालिका झाली आणि मिलर महापौर झाला. त्याने कायदा-सुव्यवस्था ज्याच्या हाती सोपवली तो ‘टू-गन डिक’ हर्विग स्वतःच गुन्हेगारांच्या टोळीचा म्होरक्या होता. देशात दारूबंदी होती, पण डिक्सन स्ट्रीटवर दारू, जुगार आणि वेश्याव्यवसाय राजरोस चाले, कारण हप्ते वेळेवर पोचत. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हेच. इथे तर कुंपण त्यासाठीच घातले होते. साध्या कामगाराला तक्रार करायची तरी कुठे, हा प्रश्नच होता. शिवाय विहीर खोदून झाली की माणसे पुढच्या कामावर निघत. खटला उभा राहीपर्यंत साक्षीदार दुसऱ्याच काउंटीत गेलेला असे.

१९२७ च्या वसंतात राज्यपाल डॅन मूडी यांनी टेक्सास रेंजर्सची, म्हणजे राज्याच्या खास पोलीस दलाची, तुकडी पाठवली. फ्रँक हेमर आणि टॉम हिकमन हे तिचे कप्तान. रेंजर्सनी दारूचे अड्डे फोडले, जुगाराची यंत्रे मोडली, नको त्या मंडळींना गावाबाहेर काढले. गाव काही काळ सुधारलेही. पण बाहेरून आलेले रेंजर्स परत जाणार, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ते गेल्यावर धंदे पुन्हा सुरू झाले.

१३ सप्टेंबर १९२९ च्या रात्री जिल्हा सरकारी वकील जॉन होम्स यांना त्यांच्या घराशीच गोळ्या घालण्यात आल्या. ते या टोळीच्या मागे लागले होते. मारेकऱ्याला कधीच शिक्षा झाली नाही. मूडींनी मात्र या वेळी लष्करी कायदाच पुकारला. जनरल जेकब वोल्टर्स नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव लष्करी दलाचे जवान घेऊन आले आणि स्थानिक पोलिसांच्याच बंदुका काढून घेतल्या. महिनाभराने लष्करी कायदा उठला, तोवर जुन्या कारभाऱ्यांना खुर्च्या सोडाव्या लागल्या होत्या.

हेच वोल्टर्स १९३१ मध्ये पूर्व टेक्सासच्या तेलपट्ट्यातही लष्कर घेऊन उतरले, पण तेव्हा कारण वेगळे होते : अति-उत्पादनामुळे तेलाचा भाव कोसळला होता, म्हणून विहिरी बंद पाडायच्या होत्या. वोल्टर्स एका मोठ्या तेल कंपनीचे वकीलही होते, हे येथे नोंदवायला हवे.

तेजी ओसरताच बोर्गरची गर्दीही पांगली; १९३० च्या जनगणनेत जेमतेम साडेसहा हजार लोक मोजले गेले. त्याच वर्षी संस्थापक बोर्गरने बँक काढली आणि ती बुडाली. ३१ ऑगस्ट १९३४ रोजी तो टपाल कचेरीत पत्रे घ्यायला गेला असताना काउंटीचा खजिनदार आर्थर ह्यूईने त्याला गोळ्या घातल्या. अपहाराच्या आरोपात अटक झाली तेव्हा बोर्गरने जामिनाला मदत केली नाही, हा ह्यूईचा राग होता, असे सांगितले जाते. आपण स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या, असे ह्यूईने कोर्टात सांगितले आणि तो निर्दोष सुटला. तीन वर्षांनी मात्र काउंटीच्या पैशांच्या चोरीबद्दल त्याला तुरुंगात जावे लागले.