जोकर पडद्यावर का जमला?

कॉमिकच्या पानावर खलनायक कितीही भयंकर रेखाटला, तरी वेळ वाचकाच्या हातात असतो. पान उघडलं की सगळ्या चौकटी एकदमच समोर येतात आणि डोळा आगाऊपणे शेवटच्या चौकटीवर जाऊन येतो. पडद्यावर ही सोय नाही. पुढचा क्षण कधी येणार हे दिग्दर्शक ठरवतो, तोवर आपण खुर्चीत अडकलेले. कॉमिकमधला खलनायक सिनेमात जमतो की फसतो, ते माझ्या मते या अडकून पडण्याचा किती उपयोग करून घेतला यावर ठरतं. रंगभूषा नंतरची.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, तोही चांगला दुखणारा. खेळताना त्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला जात होता. झटका बसणारच हे जवळजवळ पक्कं असताना ताण सर्वाधिक असेल असं वाटतं ना? तो सर्वाधिक होता शक्यता निम्मी-निम्मी असताना.

बॅटमॅनचा शत्रू टू-फेस १९४२ पासून नेमका याच आकड्यावर जगतो आहे. नाणं उडवून तो समोरच्याचं काय करायचं ते ठरवतो. क्रिस्टोफर नोलनच्या ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) तर याचा फार हुशारीनं वापर आहे. पुढे टू-फेस होणारा हार्वी डेंट सरळमार्गी सरकारी वकील असतो, तेव्हा त्याच्या नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, म्हणजे निकाल आधीच ठरलेला. पुढे आगीत एक बाजू काळवंडते आणि तेच नाणं खरोखर पन्नास टक्क्यांचं होतं.

तरी थिएटरबाहेर आल्यावर लोक बोलतात ते याच सिनेमातल्या बॅटमॅनच्या दुसऱ्या शत्रूबद्दल, जोकरबद्दल. नाण्याला निदान नियम असतो. जोकरचा नियमच हाती लागत नाही. तोंडाच्या कडांवरच्या व्रणांमागे तो दारुड्या बापाची कहाणी सांगतो, आणि आपण ‘अच्छा, म्हणून हा असा’ असं मनात जुळवून टाकतो. थोड्या वेळानं तो दुसऱ्या कुणाला बायकोची वेगळीच कहाणी ऐकवतो. जोकर साकारणाऱ्या हीथ लेजरनं आवाजही तसाच बेभरवशाचा ठेवला आहे. खालच्या पट्टीत सुरू झालेलं वाक्य कुठे चिरकेल, सांगता येत नाही.

(व्रण म्हणजे दुष्टपणा, हे समीकरण मात्र आळशीपणाचं. असे व्रण घेऊन जगणाऱ्यांच्या बाजूनं मोहीम झाली, तेव्हा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं २०१८ मध्ये चेहऱ्यावरच्या व्रणांतून खलनायक दाखवणाऱ्या चित्रपटांना पैसा न देण्याचं जाहीर केलं.)

जोकरची दुसरी ताकद कानातून येते. संगीतकार हान्स झिमरनं त्याच्यासाठी चाल अशी बांधलीच नाही. चेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावरचा एक ताणलेला, खरखरीत सूर हळूहळू वर सरकत राहतो. अशा फाटक्या आवाजांचा अभ्यास मार्मोट या डोंगराळ भागात राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यांवर झाला आहे. घाबरलेलं पिल्लू किंचाळतं तेव्हा आवाज फाटतो. त्या किंकाळ्यांचा अभ्यास करणारे जीवशास्त्रज्ञ डॅनियल ब्लमस्टाइन यांनी २०१० मध्ये सहकाऱ्यांसह चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या, तर भयपटांतही तसल्याच आवाजांची पेरणी आढळली. २०१५ च्या आणखी एका अभ्यासानं या खरखरीचं मोजमाप दिलं. साध्या बोलण्यात आवाज सेकंदाला चार-पाच वेळा कमीजास्त होतो, किंकाळीत मात्र ३० ते १५० वेळा. ही थरथर मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी निगडित भागाला चेतवते. धोक्याचे भोंगेही याच पट्ट्यात वाजतात.

म्हणूनच कदाचित, सिनेमा पुन्हा पाहताना, जोकर टेबलावरची पेन्सिल एका गुंडाच्या डोक्यात घुसवून ‘गायब’ करतो तो प्रसंग दचकवत नाही, कारण निकाल ठाऊक असतो. चेलो सुरू झाला की मात्र मी अजूनही खुर्चीत सावरून बसतो.