मँगोनेट, व्हेजनेटला बाग नोंदवायचीय? कागदाआधी सापळे लावा

युरोपात आंबा किंवा भाजी पाठवायची तर बाग नोंदवलेली लागते, आंब्याला मँगोनेट आणि भाजीला व्हेजनेट, दोन्ही अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) हॉर्टिनेट या ऑनलाइन प्रणालीवर. एवढा खटाटोप कशाला असं बरेच जण विचारतात. तर 1 मे 2014 पासून युरोपीय महासंघाने आपला आंबा, कारली, वांगी, पडवळ आणि अळू घेणंच थांबवलं होतं, पेट्यांत फळमाशी आणि बाकी किडी निघाल्या म्हणून. आंबा 2015 ला परत सुरू झाला, पण तेव्हाचं नुकसान बागायतदार विसरलेले नाहीत.

अर्ज कोण करू शकतो? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो, बाग छोटी असली तरी चालते. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या ऑफिसात प्रपत्र 2 अ भरून द्यायचं, सोबत सातबारा, आठ अ आणि बागेचा नकाशा (हाताने काढला तरी चालतो, पण गट नंबर, चतुःसीमा नीट दाखवा). आधार आणि मोबाईल नंबरही जवळ ठेवा. अपेडाच्या फार्मर कनेक्ट ॲपवरूनही अर्ज करता येतो. मग कृषी खात्याचा माणूस बाग बघायला येतो, प्रपत्र 4 अ मध्ये तपासणी अहवाल होतो आणि त्यानंतर नोंदणीचा दाखला मिळतो. दरवर्षी नूतनीकरण करायचं, ते विसरू नका.

खरी गोची फवारणीच्या वहीत होते. तारीख, औषध, प्रमाण, कशासाठी मारलं, आणि काढणीआधी किती दिवस थांबलात हे त्याच दिवशी लिहा, औषधाची बिलंही जपा, शेवटी आठवून आठवून भरलेली वही तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

आणि फवारा कमी करायचा तर सापळे लावाच. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते, आतल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही, म्हणून नर पकडायचे म्हणजे मिलनच होत नाही. आंब्याला मिथाइल युजेनॉलचे (नर माशीला वासाने ओढणारं आमिष), दापोली कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आहे तसे, एकरी 4. कारली-दोडक्याला मात्र क्यू ल्यूर हे वेगळं आमिष लागतं, आंब्याच्या आमिषाची गोळी तिथे लावून काही उपयोग नाही, दुकानात हे सांगून मागा. खाली पडलेली किडकी फळं रोज उचलून खोल पुरा, नाहीतर त्यातल्या अळ्या मातीत कोष करतात आणि तीच माशी परत वर येते.