तुर्की हमाम

तुर्की हमाम म्हणजे उष्ण व दमट हवेत घाम आणून, अंग घासून आणि वाहत्या पाण्याने धुऊन करावयाचे सार्वजनिक स्नान. ते ज्या इमारतीत होते तिलाही हमाम असेच म्हणतात. हा शब्द उष्णतावाचक अरबी धातूपासून आलेला असून फारसीच्या वाटेने तो मराठीत ‘हमामखाना’ या रूपाने रुळला. रोमन व बायझंटाइन स्नानगृहांची बांधणी आणि इस्लाममधील शुद्धीच्या कल्पना यांच्या मिलाफातून ही संस्था घडली. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात तिला वास्तुकलेचे वैभव लाभले. इस्तंबूलमध्ये मिमार सिनान या वास्तुविशारदाने बांधलेले हुर्रेम सुलतान या उस्मानी सुलतानपत्नीचे हमाम (१५५६) व चेंबरलिताश हमाम (१५८४) आजही उभे आहेत.

हमामात सामान्यतः तीन दालने असतात. कपडे उतरवून कमरेला पेश्तेमाल हे सुती वस्त्र गुंडाळायचे ते पहिले, शरीराला उष्णतेची सवय करून देणारे कोमट दालन दुसरे आणि घुमटाखालचे संगमरवरी उष्ण दालन तिसरे. उष्ण दालनाच्या मध्यभागी ‘ग्योबेक ताशी’ म्हणजे शब्दशः ‘बेंबीचा दगड’ हा तापलेला चौथरा असतो. त्यावर आडवे होऊन घाम येऊ द्यायचा. पारंपरिक रचनेत भट्टीतील धूर व गरम हवा फरशीखालच्या पोकळीतून आणि भिंतीतील नळ्यांतून खेळवली जात असे. या पोकळीला तुर्कीत ‘जेहेन्नेमलिक’, म्हणजे जहन्नमची जागा, असे समर्पक नाव आहे. भिंतीलगतच्या कुर्ना या कुंडांतून तांब्याने पाणी अंगावर ओतून घेतात. साचलेल्या पाण्यात बसून स्नान करण्याची पद्धत येथे नाही, कारण शुद्धीसाठी पाणी वाहते असावे अशी धारणा आहे.

घामाने त्वचा मऊ झाल्यावर पुरुषांच्या हमामात तेल्लाक व स्त्रियांच्या हमामात नातिर हे सेवक ‘केसे’ नावाच्या खरखरीत हातपिशवीने अंग घासतात. (ज्या फारसी शब्दातून ही केसे आली, त्यातूनच मराठीतील खिसाही आला.) त्वचेच्या वरच्या थरातील मृत पेशी व मळ यांच्या करड्या वळ्या सुटून येतात आणि मग साबणाच्या दाट फेसाने मर्दन होते. हमामाचा सर्वांत निर्विवाद लाभ हाच आहे: त्वचा स्वच्छ व मऊ होते. घरच्या वज्रीने टाचा घासून जे साधते, तेच येथे सर्वांगाला साधते.

बाकीचे लाभ आणि धोके समजून घेण्यासाठी हमामातील उष्णतेचे स्वरूप पाहावे लागते. उष्ण दालनाचे तापमान साधारणपणे ४० ते ५० अंश सेल्सिअस असते, म्हणजे ८० ते १०० अंशांच्या कोरड्या फिनिश सौनापेक्षा (लाकडी खोलीतील उष्ण हवेच्या स्नानापेक्षा) पुष्कळच कमी. मात्र हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असल्याने घाम अंगावरून ओघळतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून आकड्याने सौम्य वाटणारी ही उष्णता शरीराचे तापमान बरेच वाढवू शकते. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी जलद होते आणि रक्तदाब उतरू शकतो. आखडलेले स्नायू व सांधे काही काळ सैल पडतात, मन निवांत होते आणि अनेकांना त्या रात्री झोप चांगली लागते.

याहून मोठे दावे सावधपणे घ्यावेत. घामावाटे शरीरातील ‘विषे’ बाहेर पडतात हा जाहिरातींचा आवडता दावा आहे. परंतु घाम म्हणजे मुख्यतः पाणी व मीठ, आणि टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे करतात. स्नानानंतर घटलेले वजनही पाण्याचेच असते व दोन पेले पाणी पिताच परत येते. फिनलंडमध्ये सुमारे २,३०० मध्यमवयीन पुरुषांच्या सुमारे २० वर्षांच्या निरीक्षणातून वारंवार सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले (२०१५). तथापि ते कोरड्या सौनाविषयीचे निरीक्षण असून कार्यकारणाचा पुरावा नव्हे. हमामाच्या नावावर ते जमा करणे योग्य नाही.

उष्ण दालनात १५ ते २० मिनिटे पुरेशी असतात, नवख्याने त्याहून कमी थांबावे. आधी व नंतर पाणी प्यावे, जड जेवणानंतर लगेच जाऊ नये आणि मद्य घेऊन तर मुळीच जाऊ नये, कारण मद्याने शुष्कता वाढते व धोक्याची जाणीव बोथट होते. चौथऱ्यावरून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते, आणि ओल्या संगमरवरावरची भोवळ म्हणजे अस्थिभंगाला निमंत्रण. म्हणून आधी काही वेळ बसावे. डोके हलके वाटणे, मळमळ किंवा छातीत धडधड जाणवताच बाहेर यावे.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, अस्थिर हृदयशूळ (विश्रांतीतही उठणारी छातीतील कळ) किंवा महाधमनीच्या झडपेचे तीव्र अरुंदीकरण असलेल्यांनी आणि ताप असताना कोणीही हमाम टाळावे. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. त्वचेवर चिकटवायच्या काही औषधी पट्ट्यांतून उष्णतेमुळे औषध अधिक वेगाने शोषले जाते, ही बाब सहज विसरली जाते. गरोदरपणाच्या आरंभी शरीराचे तापमान फार वाढल्यास गर्भाच्या मज्जानलिकेत (जिच्यातून मेंदू व मज्जारज्जू घडतात) दोष उद्भवण्याचा धोका वाढतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावलेल्यांना तापल्या दगडाचा चटका कळतही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्वेदाध्यायातही स्वेदनास, म्हणजे घाम आणण्याच्या उपचारास, अयोग्य ठरवलेल्यांत नित्य मद्यपी, गर्भिणी व मधुमेही यांचा उल्लेख आहे, हे येथे लक्षणीय आहे. दमट उष्ण हवेने काही दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. पिता होऊ इच्छिणाऱ्या पुरुषांनी हे लक्षात घ्यावे की वारंवार घेतलेल्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटते.

केसेचे घर्षण इसब, सोरायसिस, उन्हाने भाजलेली किंवा नुकतीच दाढी वा रोमनाशन केलेली त्वचा यांवर करू नये. सेवकाला हात हलका ठेवण्यास सांगण्यात संकोच नसावा. ओल्या फरशीवरून पायांना बुरशीचा संसर्ग होतो, म्हणून जुन्या काळी नालिन या लाकडी खडावा घालत. आज रबरी चपला चालतात. केसे व पेश्तेमाल स्वतःचे असावेत किंवा निदान धुतलेले मिळावेत. अलीकडे हॉटेलांतील बाष्पयंत्र बसवलेल्या फरशीबंद खोलीलाही ‘तुर्की हमाम’ म्हणतात. तेथे बहुधा तापता चौथराही नसतो आणि तेल्लाकही नसतो. उलट यंत्राची व नळांची नियमित सफाई न झाल्यास तुषारांतून लेजिओनेला हे न्यूमोनियाकारक जिवाणू पसरण्याचा संभव असतो.