डेव्ह ब्रूबेक क्वार्टेट

अमेरिकन जाझ वृंद (1951–1967). पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांनी तो सॅन फ्रान्सिस्कोत उभा केला. ऑल्टो सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड सुरुवातीपासून सोबत होते. ड्रमवादक जो मोरेलो 1956 मध्ये आणि बासवादक यूजीन राइट 1958 मध्ये आले. राइट कृष्णवर्णीय होते. त्यांना वगळून वाजवायला ब्रूबेक यांनी नकार दिल्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडील महाविद्यालयांतले बरेच कार्यक्रम रद्द झाले.

तोवर जाझ बहुतांशी चार मात्रांत वाजे. या संचाने 1959 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘टाइम आउट’ या अल्बमने ती चौकट मोडली आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याचे श्रेय नुसत्या नवलाईला देता येत नाही; अवघड ताल श्रोत्याच्या हाती लागेल अशी या रचनांची बांधणीच आहे.

याच अल्बममधल्या, डेझमंड यांच्या ‘टेक फाइव्ह’मध्ये पाच मात्रा 3+2 अशा विभागल्या आहेत. पियानोवर दोन स्वरसंघांचा एकच ठेका अखंड चालतो. मोरेलो यांच्या ड्रमवादनातही तो सुटत नाही, म्हणून श्रोत्याला सम सापडते. नवशिके पाचवीनंतर नकळत थांबतात आणि सहा मात्रांचे वॉल्ट्झ (तीन-तीनच्या लयीचे पाश्चात्त्य नृत्य) होते. झपतालाच्या 2+3 ला सरावलेल्यांनी तीनच्या खंडापासून मोजावे, नाहीतर सम सरकते.

1958 मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर वृंद तुर्कस्तान, भारत आदी देशांत गेला. इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेल्या नऊच्या लयीतून ‘टाइम आउट’मधले ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ घडले. त्यात तीन आवर्तने 2+2+2+3 आणि चौथे 3+3+3 असते. सर्वत्र 3+3+3 मोजले की जोर भलत्या जागी पडतो. एकल वादन मात्र चार मात्रांच्या ब्लूजमध्ये आहे. ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे, कारण ताणलेले लक्ष तिथे सैल होते.

‘टेक फाइव्ह’ची तबकडी 1961 मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत 25व्या स्थानापर्यंत पोचली. त्याच वर्षीचे सात मात्रांचे ‘अनस्क्वेअर डान्स’ सरावाला सर्वांत उत्तम: बास 1, 3, 5 वर आणि टाळी 2, 4, 6, 7 वर. सहावी-सातवी टाळी लागोपाठ येते. तिथे दम घेतला तर पुढची पहिली मात्रा उशिरा पडते.